एक्केचाळिसावं पान

सकाळी अकराला दप्तरखान्यातला फोन वाजला.

"काका, एक्केचाळिसावं पान बघा. सही होऊ देऊ नका." तपासनीस बाई भराभर बोलत होत्या. "मला धमकीचा फोन आलाय. आई घरी एकटी आहे, मी निघालेय—"

फोन कट झाला.

दप्तर सांभाळणारे काका उठून बाईंच्या टेबलाकडे गेले.

पिकांवर मारायचं नवं औषध माणसाला सुरक्षित आहे की नाही, हे या कचेरीत ठरायचं. आज चार वाजता साहेब एका औषधावर सही करणार होते. फुलांच्या हरितगृहात त्याची पिंपं येऊनही पडली होती. उद्या फवारणाऱ्यांत काकांची लेक होती. जुन्या औषधानं तिच्या हातांची सालं निघायची. नव्याची ती दिवस मोजून वाट बघत होती.

बाईंच्या टेबलावर अर्धा चहा होता, चष्मा होता. त्यांना तपासायला दिलेली फाइलची झेरॉक्स मात्र नव्हती.

काकांनी कपाटातून मूळ फाइल काढली. प्रयोगशाळेतल्या उंदरांची दर आठवड्याची वजनं. चाळिसावं पान सुरकुतलेलं, ओलं होऊन वाळल्यासारखं. एक्केचाळिसावं छान सरळ. बेचाळिसावं, औषध न दिलेल्या उंदरांचं, पुन्हा सुरकुतलेलं. आकडे सगळीकडे उत्तम. उंदीर धडधाकट.

मग बाई कशाला घाबरल्या?

"साहेब, सही उद्यावर ढकला," काका वर साहेबांच्या खोलीत जाऊन म्हणाले.

"कशाच्या जोरावर? एका फोनच्या?"

"तुम्हाला भारी घाई झालीय."

"झालीय! पूर्वी फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जायला तीन वर्षं लागायची. तोवर लोक जुनंच औषध मारायचे. म्हणून तर मी पद्धत बदलली. फाइल आली की त्याच दिवशी दोन प्रती, दोघं एकाच वेळी तपासणार. एक तरी चाचणी मी गाळलीय का, सांगा."

गाळली नव्हती. काका तात्यांकडे गेले.

दुसरे तपासनीस म्हणजे तात्या. एकोणीस वर्षं एकाच खुर्चीत.

"मी आधीपासून ओरडतोय, ही घाई नडणार," तात्या म्हणाले.

"उंदरांची वजनं तुम्हीही तपासलीत ना?"

"तपासली. चोख आहेत. बाई काल माझ्याशी उगाच वाद घालत होत्या. घाबरट आहेत हो."

"झेरॉक्सवरच तपासलीत?"

"झेरॉक्स वाचून माझे डोळे जायचे, काका! मला मूळ कागदच लागतो. तुम्हीच नाही का दिलात?"

काका खाली आले. प्रयोगशाळेत उंदरांची देखभाल करणाऱ्या बाईला फोन लावून त्यांनी एकच प्रश्न विचारला. उत्तर ऐकून ते फाइल घेऊन पुन्हा वर निघाले.

चारला पाच मिनिटं कमी होती. साहेबांनी पेनचं टोपण काढलं. तात्या शेजारी उभे होते.

"थांबा," काका म्हणाले. "हे पान चाचपून बघा. आता हे."

"एक सुरकुतलेलं, एक सरळ. मग?"

"उंदरांच्या खोलीत जाणारा प्रत्येक कागद आधी वाफेतून काढतात. जंतू आत जाऊ नयेत म्हणून. वजनं आतच लिहितात. म्हणजे सगळी पानं सुरकुतलेली हवीत. हे सरळ पान त्या खोलीत कधी गेलंच नाही. ते बाहेर लिहिलंय आणि इथे बदललंय."

"कुणी?"

"प्रती पहिल्याच दिवशी निघाल्या. त्यानंतर मूळ फाइल माझ्या कपाटातून एकदाच बाहेर गेली. चार दिवस. तात्यांकडे."

"काहीतरीच काय!" तात्या उसळले.

"बाईंच्या झेरॉक्सवर खरे आकडे होते. म्हणून ती गायब झाली. पण तात्या, तुमची प्रतही त्याच दिवशी निघालेली. तेवढी आणता का?"

तात्या जागचे हलले नाहीत.

"निवृत्तीनंतर कंपनीत खुर्ची देतो म्हणाले," शेवटी ते पुटपुटले. "बाईंच्या आईला मी काही करणार नव्हतो. नुसता फोन केला."

"खरे आकडे काय होते?" साहेबांनी विचारलं.

"शेवटच्या तीन आठवड्यांत निम्मे उंदीर मेले."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे आता परत तीन वर्षांची पद्धत?"

"नको, साहेब. दोघांनी एकदम वाचलं म्हणून हे सापडलं. तुमची पद्धत राहू द्या. फक्त मूळ कागद माझ्या खोलीबाहेर जाऊ देऊ नका. ज्याला बघायचा त्यानं तिथे बसून बघावा."

काकांनी लेकीला फोन केला. "पिंपांना हात लावू नका."

"मग बाबा, जुनंच मारायचं?"

काकांना जुन्या औषधाची फाइल आठवली. पूर्वी प्रती निघत नव्हत्या. फाइल महिनोन्‌महिने तात्यांच्या टेबलावर एकटी पडून असायची.

"बाबा?"

"थांब जरा. फोन ठेवू नकोस."

त्यांनी मागच्या फळीवरून जुन्या औषधाची फाइल ओढली. धूळ झटकली आणि डोळे मिटून एकेक पान चाचपायला लागले. सुरकुतलेलं. सुरकुतलेलं. सुरकुतलेलं.

मग बोट थांबलं. पान सरळ होतं.