भिंतीकडे तोंड करणारा डॉक्टर

लिफ्टचं दार मिटता मिटता कुणीतरी पाय मध्ये घातला आणि तिच्या कवेतला कॉम्प्युटरचा डबा नेमका त्याच्या छातीवर आदळला.

"सांभाळून... पेशंटला कुठे नेताय?"

"दवाखान्यात," ती वैतागून म्हणाली. "कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात."

"मग परत वर चला. तिथला डॉक्टर मीच."

म्हणजे बघा, वैताग कुठच्या कुठे गेला आणि त्याच्या हसण्याकडे बघताना तिचा मजलासुद्धा चुकला.

घरात आत्या चोरासारखी बसली होती. परवा तिने इंटरनेटवरून विणकामाचे फुकट नमुने उतरवले आणि तेव्हापासून पडद्यावर भलत्याच खिडक्या उघडत होत्या. सकाळी तर कॅमेऱ्याचा दिवा आपोआप लागला होता.

"मी फक्त 'हो' म्हटलं रे बाबा," आत्या पुटपुटली.

"आत्या, फुकट देणाऱ्याला आधी 'का?' विचारायचं." त्याने पहिल्यांदा इंटरनेटची वायर काढली, कॅमेऱ्यावर कागदी पट्टी चिकटवली आणि तपासणी सुरू केली. मग हळूच म्हणाला, "आत हेर बसलाय. तुम्ही टाइप कराल ते बाहेर कळवणारा."

आत भाचीची सात वर्षांची रोजनिशी होती. आत्यालाही न सांगितलेलं, रडून रडून लिहिलेलं सगळं तिथेच होतं.

"ती... कुणी वाचली असेल?"

"नाहीच, असं छातीठोक नाही सांगत. पण मोठी फाइल बाहेर गेल्याची नोंद दिसत नाही." दुसरा कुणी असता तर गोड थाप मारून मोकळा झाला असता. "पासवर्ड घाला," असं म्हणून त्याने खुर्ची गर्रकन फिरवली आणि भिंतीकडे तोंड केलं. "झालं की सांगा."

ती बघतच राहिली. ऑफिसात लोक मान लांब करून तिच्या पडद्यात डोकावत आणि बसमध्ये शेजारचा तिचे निरोप वाचे. हा माणूस मात्र एका रिकाम्या खिळ्याकडे असा बघत होता, जणू तिथे मोठं चित्र टांगलंय.

रोजनिशीची फाइल त्याने पेनड्राइव्हवर घेतली, न उघडता तपासली आणि पेनड्राइव्ह तिच्याच हातात ठेवला. "हा तुमच्या मुठीत राहू दे. मशीन पूर्ण पुसून नव्याने भरतो. आणि फाइलचं नाव बदला. 'कुणी वाचू नये' म्हटलं की सगळे आधी तेच उघडतात."

"मग काय ठेवू?"

"'कपाटाची मापं'."

ती खळखळून हसली... कितीतरी दिवसांनी.

काम तीन संध्याकाळी चाललं. कुठल्या खिडकीला हात लावायचा नाही, कुठला पत्ता खोटा, हे तो आत्याला न कंटाळता चारचारदा समजावायचा. आणि पासवर्डची वेळ आली की दर वेळी भिंतीकडे तोंड. तिसऱ्या संध्याकाळपर्यंत तिला ती पाठमोरी मान पाठ झाली होती, आणि हे आज संपणार म्हणून ती चहासुद्धा मुद्दाम सावकाश करत होती.

"शेवटचा, मुख्य पासवर्ड," तो म्हणाला. "लांब वाक्य घ्या. कुणाला सुचणार नाही आणि तुम्ही विसरणार नाही असं." खुर्ची फिरली.

तिने टाइप केलं.

"झालं?"

"झालं. आता इकडे वळा."

"अहो, पासवर्ड आहे—"

"वळा म्हणते ना."

तो वळला. पडद्यावर नुसते ठिपके होते. "काहीच दिसत नाही," तो सुटकेने म्हणाला.

तिने शेजारच्या डोळ्याच्या चित्रावर टिचकी मारली.

'भिंतीकडे तोंड करून बसणारा माणूस मला फार आवडतो.'

त्याने ते दोनदा वाचलं. कान लालबुंद झाले.

"हा... बदलावा लागेल."

"का?" तिचा जीव टांगणीला लागला.

"आता दोघांना माहीत झालाय."

"बदलते. वाक्य खरं राहील पण."

तो हत्यारांची पिशवी उगाचच उघडत आणि मिटत राहिला. "उद्या येऊ?"

"काही राहिलंय?"

"नाही. काम संपलंय," तो तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघत म्हणाला. "उद्या नुसताच येतो."

आतल्या खोलीत आत्याच्या सुया केव्हाच थांबल्या होत्या.