मोठ्या फादरांची जागा

हसा. हसून घ्या आत्ताच. मग रात्री बाथरूमला जायला सोबत हवी म्हणून मला उठवायचं नाही, सांगून ठेवतो. आणि तो मोबाईल उलटा ठेव रे धाकट्या, त्याच्या उजेडात तुझंच तोंड भुतासारखं दिसतंय.

ही गोष्ट माझ्यावर बेतलेली नाही. ज्याच्यावर बेतली तो माझा सख्खा मेहुणा, तुमच्या काकूचा धाकटा भाऊ. सुतार माणूस. थापा मारायची अक्कल त्याला असती तर आज फर्निचरचं दुकान असतं त्याचं. तेव्हा खरं-खोटं मला विचारू नका. ऐकायचं तर ऐका, नाहीतर झोपा जाऊन.

नोव्हेंबर महिना, मंगळवारची रात्र. त्याची बायको दवाखान्यात होती. बुधवारी सकाळी सात वाजता तिचं सिझेरियन ठरलेलं. त्याआधीचं पहिलं बाळ जन्मतानाच गेलं होतं त्यांचं, त्यामुळे पोरगी घाबरलेली. आम्ही दोघं नेमके तेव्हा थोरल्या लेकीकडे, लांबच्या गावी. दुसरं कोणी नाही. ती त्याला म्हणाली, "कामाला जा, पण रात्री मला एकटीला ठेवू नकोस. आठपर्यंत ये, नऊपर्यंत ये, पण ये." तो म्हणाला, "येतो गं. एक खुर्ची तर आहे."

ती खुर्ची होती गावाबाहेरच्या मठातली. बेनेडिक्टाइन म्हणजे ख्रिस्ती साधूंचा मठ. दगडी इमारत, मागे कबरस्थान, बाजूला भाजीचा मळा. त्यांच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये समोरासमोर दोन रांगा असतात, उंच पाठीच्या लाकडी जागांच्या. बसायची फळी वर उचलता येते. एक रांग एक ओळ म्हणते, दुसरी रांग पुढची. दिवसातून किती वेळा, विचारू नका. पहाटे पावणेपाचला सुरू होतं ते रात्री झोपेपर्यंत. टोकाला एक जागा वेगळी, मठाच्या प्रमुखाची. मोठे फादर म्हणतात त्यांना. ते मोठे फादर महिन्यापूर्वी वारले होते आणि नव्याची निवड बुधवारी सकाळी व्हायची होती. त्यांच्याच जागेची फळी बिजागरीतून निखळलेली. नवा माणूस पहिल्याच दिवशी धपकन खाली बसला तर बरं दिसेल का?

पाहुण्यांचं बघणारे एक ब्रदर होते, गोल चेहऱ्याचे, हसरे. त्यांनी मेहुण्याला सगळं दाखवलं. मळ्यात एक जण कुदळ मारत होता. घंटा झाली. उगारलेली कुदळ त्याने तशीच अलगद खाली ठेवली आणि निघाला. मेहुणा म्हणाला, "अहो, घाव तरी पुरा करायचा!" ब्रदर म्हणाले, "घंटा झाली की झाली. आणि मोठ्या फादरांनी काही सांगितलं, की का म्हणून विचारायचं नाही. तेवढं वचन दिलंय आम्ही."

"आमच्या घरी तेच आहे," मेहुणा म्हणाला, "फक्त आमचे मोठे फादर स्वयंपाकघरात असतात."

ब्रदर पोट धरून हसले. मग म्हणाले, "साडेआठच्या प्रार्थनेनंतर मात्र आमचं मौन असतं, पहाटेपर्यंत. कोणी बोलणार नाही. तुम्ही हाक मारलीत तरी नाही. राग मानू नका. काम झालं की बाजूच्या दाराने निघून जा."

आता काम तासाभराचं. पण लाकूड जुनं, बिजागरीचे स्क्रू गंजून आत रुतलेले. साडेआठ झाले तरी एक निघेना. सगळे ब्रदर आले, तेव्हा हा हत्यारं घेऊन खांबामागे उभा राहिला. प्रार्थना संपताना सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि गप्प झाले. बराच वेळ गप्प. मग मोठ्या फादरांच्या जागेशेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने बोटाच्या पेराने लाकडावर टकटक केली, आणि सगळे एकदम उठले. ती टकटक झाल्याशिवाय तिथे कोणी उठत नाही. मग दिवे मालवले आणि सगळे झोपायला गेले.

याचा एक दिवा चालू. मोबाईलला रेंज नाही, भिंती दोन-दोन हात जाड. दर पाच मिनिटांनी स्वतःला शिव्या घालतोय. अखेर साडेअकराच्या सुमाराला फळी बसली. आणि मग... सुताराची सवय हो. खुर्ची दुरुस्त केली की आधी स्वतः बसून बघायची. गिऱ्हाईक पडण्यापेक्षा आपण पडलेलं बरं. तो मोठ्या फादरांच्या जागेवर बसला. फळी कुरकुरली नाही. थकला होता बिचारा, दिवसभर उभा. मान खाली घातली, डोळे मिटले. एक मिनिट म्हणून.

बाजूच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला. बाहेरून.

तो धडपडून उठला, दारापाशी धावला. "ओ ब्रदर! मी आत आहे!" दार ठोठावलं. थाप मारली. पावलं लांब गेली. कोणी बोललं नाही. मौन ना त्यांचं!

दुसरं दार मठात जाणारं. त्यालाही कुलूप. खिडक्या दोन पुरुष उंचीवर. बायको घड्याळाकडे बघत पडली असेल. पहाटे पावणेपाचशिवाय इथे कोणी फिरकणार नाही. त्याने कडीजवळची फळी ठोकून बघितली, पटाशी घालून बघितली. ते दार कुठल्या सुताराने बनवलं होतं देव जाणे, तसूभर हललं नाही. हात सोलून निघाले. रडू फुटलं त्याला. मला सांगताना लाजला नाही तो, म्हणाला, "भावजी, लहान पोरासारखा रडलो."

परत येऊन बसला. कुठे? त्याच जागेवर. दिवा तिथेच होता.

आणि मागचं दार उघडलं.

तिसरं दार. कबरस्थानाकडचं. ते त्याने बघितलंच नव्हतं, पडद्याआड होतं. त्यातून ब्रदर आत आले. दोन-दोनच्या जोडीने. काळे झगे, टोप्या कपाळावर ओढलेल्या. याला हायसं वाटलं. "अहो, बरं झालं आलात, मला जरा..."

कोणी वर बघितलं नाही.

प्रत्येक जोडी त्याच्यासमोर आली. त्याला वाकून नमस्कार केला. आणि आपापल्या जागी गेली. संध्याकाळी होते त्याच्या कितीतरी पट माणसं... सगळ्या जागा भरल्या. मग भिंतीला लागून उभे राहिले. शेवटच्याने मागचं दार ओढून घेतलं.

एका रांगेने ओळ म्हटली. दुसरीने पुढची. आवाज असा, जाड गोधडीखालून यावा तसा. आणि थंडी... काय विचारता. त्याच्या तोंडातून वाफ निघत होती.

त्याने रांगेकडे बघितलं.

इतकी माणसं म्हणत होती... वाफ एकाच्याच तोंडातून निघत होती.

मग सगळ्यांनी माना खाली घातल्या. गप्प.

तो वाट बघत राहिला. आता उठतील. मग उठतील. दिव्याची वात... हं, वात नाही, बल्बच होता. पण तोही मंद झाला. कोणी हललं नाही. कोणी खोकलं नाही. त्याने उठायचा प्रयत्न केला. पाय उचलेनात. म्हणजे धरले नव्हते कोणी. पण शेजारच्याने मान न वळवता हात पुढे केला, आणि याच्या बाहीवर ठेवला. अलगद. म्हाताऱ्या माणसासारखा.

याच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला.

यांना उठवणारा कोण? ज्याच्या जागेवर मी बसलोय तो.

हे माझ्या टकटकीची वाट बघतायत...

त्याने बोट वाकवलं. लाकडावर एकदा टकटक केली.

सगळे उठले. एकदम. आणि त्याच्याकडे वळले.

गेले नाहीत.

उभेच.

टोप्यांच्या आत... जाऊ दे. ते त्याने मला कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

ते उभे. हा बसलेला. दार बंद. किती वेळ, त्यालाही माहीत नाही. शेवटी भीतीपेक्षा दवाखान्यातली बायको मोठी झाली त्याच्या मनात. तो ओरडला, "माझी बायको दवाखान्यात एकटी आहे हो! मला जाता येत नाही... तुम्हाला येतं ना? मग तुम्ही जा! बसा तिच्यापाशी! तिला एकटीला ठेवू नका!"

का म्हणून कोणी विचारलं नाही.

वाकले. आणि मागच्या दाराने, जोडीजोडीने... गेले.

पावणेपाचला हसऱ्या ब्रदरांनी कडी काढली. हा दारालाच टेकून बसलेला. ब्रदर इतके ओशाळले की मौनबिन विसरले. म्हणाले, "रात्री दारातून डोकावलो तर तुम्ही त्या जागेवर मान खाली घालून बसलेले. वाटलं रात्रभर प्रार्थनेला बसणार, म्हणून रोजच्यासारखी कडी घातली; या जाड दारातून थाप काही ऐकू आली नाही. अशा वेळी आम्ही हाक मारत नाही हो." मागच्या दाराचं विचारलं, तर म्हणाले ते दार फक्त आमच्यातला कोणी गेला की उघडतो. हत्यारं तिथेच टाकून मेहुणा स्कूटरवर बसला.

दवाखान्यात पोचला तर बाळ झालेलं. रात्रीच कळा आल्या, बाळाचे ठोके कमी व्हायला लागले, धावपळ करून एक वाजता ऑपरेशन केलं. मुलगी. दोघी सुखरूप. हा पलंगापाशी उभा राहून हुंदके द्यायला लागला, "चुकलो गं, एकटीला ठेवलं तुला."

ती म्हणाली, "एकटी कुठे? तुझी माणसं होती की."

"कुठली माणसं?"

"ती म्हातारी मंडळी. मठातली ना? खाली जमिनीवर, भिंतीला ओळीने बसलेली. नर्सला सांगितलं मी त्यांना खुर्च्या द्या म्हणून, तर ती म्हणते कोणाला? एक शब्द बोलले नाहीत बघ. पण धीर आला मला."

भुलीचं औषध, म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली. मुलगी आता पहिलीत जाते. गोड आहे. कधी एकटी झोपायला घाबरत नाही. उलट आपण दार लावायला गेलो तर म्हणते, "थांब, सगळे आत येऊ देत."

तेव्हा पोरांनो, घोळ कळला का? बसा म्हणून सांगितलं त्याने. उठा म्हणून सांगितलंच नाही. घरात भिंतीवर टकटक केली, पाळण्यावर केली, काही उपयोग नाही. त्या जागेवर बसूनच करायला हवी. आणि तिथे पुन्हा बसायची त्याची छाती होत नाही. एकदा दार उघडलं, दुसऱ्यांदा उघडेलच असं नाही ना. बायको म्हणते, "बसू देत. खातायत का पितायत?"

परवा सकाळी मी गेलो होतो त्यांच्याकडे. मेहुण्याची बायको पोरीची खोली झाडत होती. भिंतीला धरून, कडेकडेने. सुपली भरून माती निघाली. काळी, ओलसर, खणून काढलेली. रोज निघते म्हणाली.

तिसऱ्या मजल्यावर राहतात ते.