सहीवरचं कुंकू

शनिवारी सकाळी चिकपेटच्या गल्लीत मधोमध उभं राहून मोबाइलवर नकाशा बघणाऱ्या माणसाला मी काय ओवाळणार होते? दोन्ही हातांत साड्यांचा गठ्ठा, मागून हातगाडी. "स्वल्प सरका की, रस्ता काय तुमच्या आजोबांचा आहे?" असं फटकन बोलून गेले. तो सरकला... हसला... आणि माझ्या मागोमाग आमच्याच दुकानात शिरला.

अभिजीत. निपाणीकडचा. एका खाजगी संग्रहालयासाठी जुनी पत्रं तपासायचा, आणि आमचं पत्र तपासायला आला होता. घ्या, आता तोंड कुठे लपवू?

ते पत्र म्हणजे आमच्या घरचं दैवत. एक मोठे पुढारी तरुणपणी दुकानावरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. त्यांना ताप आला तेव्हा माझ्या पणजोबांनी, व्यंकोजी शिंप्यांनी, आठवडाभर त्यांना पेज पाजली. पुढे दिल्लीहून त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'तुमच्या पेजेची चव इथल्या मेजवान्यांना नाही.' संग्रहालय हे पत्र भिंतीवर लावणार होतं आणि खाली पणजोबांचं नाव. आमचे अप्पा, माझे वडील, महिनाभर जमिनीवर नव्हते.

पण त्या पत्राची एक गोष्ट फक्त मला माहीत होती. खंडेनवमीला आम्ही कात्री, कापड मोजायचा गज आणि ते पत्र पुजतो. काचेवर कुंकू लावलेलं अप्पांना चालत नाही, म्हणून फ्रेम उघडून कागदाच्या कोपऱ्याला बोट टेकवायचं. गेल्या वर्षी माझं कुंकू पातळ झालं आणि ओघळ गेला थेट सहीवर. घाबरून ओढणीनं पुसलं, तर सहीच फिसकटली. फ्रेमच्या खालच्या बाजूवर हार असतो, त्यामुळे कुणाला कळलं नाही. मीही तोंड उघडलं नाही.

अप्पा कॉफी सांगायला गेले तेव्हा अभिजीतनं सही भिंगातून पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं. मेले, असंच वाटलं. मी सगळं सांगून टाकलं. अहवाल पुरा होईपर्यंत तो कुणाशीच काही बोलत नाही, एवढंच म्हणाला.

नंतर तीन शनिवार तो अक्षर ताडून बघायला येत राहिला. मी मारतहळ्ळीच्या ऑफिसात आठवडाभर शनिवारची वाट बघायची, आणि त्याच शनिवारची भीतीही वाटायची. कागद धरताना बोटं लागायची... दोघंही उगाच शाईबद्दल बोलायचो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

शेवटच्या शनिवारी त्यानं संग्रहालयाचा नियम सांगितला. डाग जुना असेल तर नुसत्या अक्षरावर भागतं, पण सहीवर अलीकडे हात फिरला असेल तर पत्र बाद. मी हळूच म्हणाले, "मग जुनी ओल लागली असं लिही ना. एक ओळ. माझ्यासाठी."

"नाही, हर्षिता."

इतका राग आला मला. वाटलं, हाच का तो, ज्याच्यासाठी मी नवी ओढणी घेतली?

तेवढ्यात अप्पा आले. नवा सदरा, हातात मैसूरपाकचा डबा. त्यांचा चेहरा बघून माझा धीरच सुटला, आणि मग सगळं बोलूनच टाकलं. कुंकू, ओढणी, वर्षभराचं गप्प राहणं.

अप्पा गादीवर बसले. मैसूरपाकचा डबा बाजूला ठेवला. मग अभिजीतला विचारलं, पत्र खरं आहे ना?

"अक्षर त्यांचंच आहे अप्पा, शंकाच नाही. पण भिंतीवर जाणार नाही."

"सरी, ठीक आहे," अप्पा म्हणाले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "वर्षभर एकटीच घाबरत होतीस? वेडी."

मी ढसाढसा रडले.

अभिजीत निघाला तशी मी गल्लीत त्याच्यामागे गेले, भांडायलाच. एका ओळीनं तुझं काय जाणार होतं, म्हणून विचारलं. तो थांबला. मागून हातगाडीवाला ओरडत होता, तरी हा हलेना.

"तुझ्यासाठी खोटं लिहिलं असतं... तर आता जे सांगणार आहे, ते तू खरं मानलं असतंस?"

मीच त्याला दंडाला धरून हातगाडीच्या वाटेतून बाजूला ओढलं.

मग त्यानं सांगितलं. अडखळत, अर्धं कन्नडात. आणि मी त्यातला शब्द न् शब्द खरा मानला.