काळ्या पडद्यावरची दोरी

शुक्रवारची अख्खी सकाळ कॉम्प्युटर जोडण्यात गेली, आणि दुपारी इन्शिराहनं मोठ्या ऐटीत बटण दाबलं. पंखे फिरले, पेटीतला लाल दिवा लागला. पडदा मात्र ठार काळा.

"झालं का?" शुक्रीनं पलंगावरून विचारलं.

"चालू झालाय. चित्र येत नाही."

"मग माझ्याच मापाचा आणलायस की. मला कुठल्या कॉम्प्युटरवर चित्र येतं?"

नवऱ्याच्या असल्या बोलण्यावर हसावं की रडावं, तिला कळत नसे. काचबिंदूनं त्याची दृष्टी हळूहळू खाऊन टाकली होती. बाब झुवैला या जुन्या वेशीबाहेरच्या तंबूवाल्यांच्या बाजारात रंगांचा असा दर्दी दुसरा नव्हता. कापडावर कापड शिवून तो कमळं फुलवायचा आणि गिऱ्हाईक खरं वाटून हात लावून बघायचं. आता तो भिंतीकडे तोंड करून बसे, आणि त्याचं बोलणंही आटत चाललं होतं. अशानं हा माणूस आपल्या हातून निसटेल, हीच तिची धास्ती. म्हणून हा सगळा खटाटोप, पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवणारा कॉम्प्युटर त्याच्यासाठी घरात आणायचा. सुटे भाग आणून आपणच जोडू, असं तिनंच ठरवलं. मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारी बाई ती, चार स्क्रूंना थोडीच भिणार होती.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरून शुक्रीची थोरली बहीण मसूर-भाताचं पातेलं घेऊन वर आली. तिचं नाव तहिया, पण सगळी गल्ली तिला उम्म हसन, म्हणजे हसनची आई, म्हणे.

"बाजारात तयार मिळतात म्हणे," ती म्हणाली. "चित्रासकट."

"उम्म हसन, पातेलं ठेवा आणि बसा. माझं डोकं आधीच तापलंय."

इन्शिराहनं मेमरीच्या पट्ट्या काढल्या, त्यांची टोकं खोडरबरानं पुसली, परत दाबून बसवल्या. बोर्डावरचा बटणाएवढा सेल काढून घातला. पडदा शाळेच्या लॅपटॉपला लावून पाहिला, तिथे तो लख्ख उजळला. परत पेटीला जोडला की काळा. ती घामाघूम झाली. खमसीनच्या वाळवंटी वाऱ्याची धूळ नको म्हणून गॅलरीचं दार लावून घेतलेलं, त्यात हा पंख्यांचा घूंऽऽ आवाज.

शुक्री चाचपडत उठला आणि टेबलापुढच्या खुर्चीत येऊन बसला.

"दार कशाला उघडलंस?" तो म्हणाला. "केवढा उजेड आलाय."

इन्शिराहनं दाराकडे पाहिलं. कडी लागलेलीच होती.

"गॅलरी दिसतेय. तुझा पिवळा गाऊन वाळतोय दोरीवर. बाही फाटलीय त्याची."

पिवळा गाऊन न्हाणीत बादलीत भिजत पडला होता, आणि त्याच्या दोन्ही बाह्या धडधाकट होत्या. तहियानं तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हटलं, ओढणी सावरली आणि ती जिना उतरून गेली.

इन्शिराह टॉर्च घेऊन पेटीच्या मागे वाकली. आणि स्वतःवरच चिडली. पडद्याची केबल ग्राफिक्स कार्डाला लावायची, ती तिनं बोर्डाच्या भोकात खुपसली होती. पहिल्यांदा जोडणारे सगळे हीच चूक करतात. तिनं घेतलेल्या स्वस्तातल्या प्रोसेसरला चित्र काढताच येत नव्हतं. म्हणजे त्या भोकामागे काहीच नव्हतं. बंद घराच्या दारावरची घंटा वाजवावी तसली ती जोडणी.

तिनं केबल काढून कार्डाला लावली. पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

"आलं बाई एकदाचं," ती म्हणाली.

"गेलं," शुक्री म्हणाला. त्याचा चेहरा एकदम विझला.

तिनं केबल परत चुकीच्या भोकात घातली. अक्षरं गेली, पडदा काळा झाला, आणि शुक्री हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

ती काही भोळीभाबडी बाई नव्हे. तिनं न सांगता केबल काढली, न सांगता लावली. खोटंच म्हणाली की लावली. एकदाही तो चुकला नाही. दुसऱ्या दिवशी पिवळा गाऊन वाळत घालताना त्याची बाही खिळ्याला अडकून टरकन फाटली, तेव्हा ती तिथेच खाली बसली.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते भलतंच. मशिदीत पाऊल टाकल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तसं त्या खोलीत तिचं बोलणं हळू झालं. जिथे काहीच जोडलेलं नाही, तिथून तिच्या नवऱ्याला रंग दिसत होते. तिनं केबल चुकीच्याच जागी राहू दिली.

पुस्तकं राहिली बाजूला. शुक्री रोज सकाळी काळ्या पडद्यापुढे बसून रंग सांगू लागला. हिरवा टॉवेल, विटकरी चादर, गच्चीवरून उतरणारी करडी कबुतरं, कधी कपडे वाळत घालणारी तिची पाठ. मग एके दिवशी त्याला गल्लीवर रमजानच्या कागदी पताका दिसल्या. रमजानला अजून अवकाश होता. चित्र दिवसेंदिवस पुढच्या काळात सरकत चाललं होतं. तिनं मनाशी आनंदच मानला. तेवढे दिवस तर आपल्या दोघांच्या पदरात आहेत.

"अब्ला," तो म्हणायचा. शाळेतल्या मुली बाईंना अशीच हाक मारत, तसं चिडवायला. "तुझ्या विज्ञानात बसतं का हे?"

"नाही बसत," ती म्हणायची. "नाही बसलं तरी चालेल."

मग ती सकाळ आली.

"आज सगळं काळं," शुक्री म्हणाला.

ती धावत पेटीमागे वाकली. केबल जागच्या जागी होती.

"अगं, चित्र आहे. ऊन चांगलं पडलंय. कपडे काळे आहेत म्हणतोय मी. पिवळा गाऊनसुद्धा. गळ्यावरच्या माझ्या टाक्यांवरून ओळखला. का रंगवलेस सगळे?"

गल्लीत नवरा गेलेली बाई जुने कपडे टाकत नसे. मोठ्या पातेल्यात काळा रंग उकळून त्यात बुडवून काढी. इन्शिराहनं अजून काहीच रंगवलं नव्हतं.

"विटले होते," ती म्हणाली.

"पिवळा तरी ठेवायचास. आणि माझा एकही कपडा नाही दोरीवर."

"इस्त्रीला दिलेत."

केबल मुठीत होती. एक हिसका, आणि हे थांबलं असतं. पण त्याच्या तोंडावर तो उजेड होता. तिला हिसका देववेना.

"आलीस बघ तू," तो म्हणाला.

"कुठे?"

"गॅलरीत. नेहमी पाठ असते. आज वळलीयस." तो पुढे झुकला. "थकलीस गं. सरळ इकडेच बघतेयस, माझ्याकडे. काहीतरी बोलतेयस, पण ऐकू येत नाही."

ती पेटीमागे गुडघ्यांवर बसली होती. दोन्ही हातांत केबल गच्च धरून.

"हात करतेयस," शुक्री म्हणाला.

आणि काळ्या पडद्याकडे बघत त्यानंही हात वर केला.