खुफूच्या डोंगरावरचं दार

नैनाला राजाचं थडगं शोधायचं होतं, आणि तेही इजिप्तला न जाता!

ग्रँड कॅन्यनच्या नकाशात तिला ‘चिऑप्स पिरॅमिड’ सापडला होता. चिऑप्स म्हणजे इजिप्तचा खुफू राजा. दरीच्या पोटातला हा डोंगर पिरॅमिडसारखा दिसतो, म्हणून त्याला राजाचं नाव मिळालं, एवढंच. पण आत खरंच थडगं आहे, असं इंटरनेटवर कुणीतरी लिहिलेलं. बारा वर्षांच्या नैनाला तेवढं पुरे! घरून, फ्रीमाँटहून निघताना तिने सोनं ठेवायला जाड कॅनव्हासची पिशवीही घेतली.

सोबत बाबा, म्हणजे अतुल, आणि शेजारच्या सुलभा मावशी. मावशींनी नागपुरात तीस वर्षं इतिहास शिकवला होता. नदीकाठी मुक्काम करून तिघं पहाटेच चढू लागली. दहाच्या आत उतरायचं, नंतर खडक तव्यासारखा तापतो, हे बाबांनी दोनदा बजावलं होतं.

“पिरॅमिड लांबून दिसायचे, म्हणून चोरांनी लुटले,” मावशी दम खात म्हणाल्या. “मग पुढच्या राजांनी कड्यांत थडगी खोदली आणि दारं बुजवून टाकली.”

“म्हणजे कड्यातच शोधायचं!”

अरुंद वाटेवर वळण आलं आणि नैना जागीच थांबली. समोर कपारीत दगडमातीने बुजवलेलं एक दार होतं!

“ओ माय गॉड! बाबा!”

अतुल दार न्याहाळू लागला. मावशींनी मात्र आधी बूट काढले.

“मावशी, सीरियसली?”

“कुणाची समाधी असली तर? बूट घालून जातेस का समाधीपुढे?”

नैना हसत पुढे धावली. दगड उपसायला हात घातला आणि थबकली. वाळलेल्या मातीत बोटांचे ठसे होते. तिने आपली बोटं त्यांत ठेवली. नेमकी बसली!

खर्रर्र!

फटीत रॅटलस्नेक, शेपटी वाजवणारा विषारी साप! नैना मागे उडाली. टाच मावशींच्या काढून ठेवलेल्या बुटाला लागली. बूट कड्यावरून गेला! खाली पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

धारदार खडक, चढतं ऊन आणि मावशींचा एक पाय उघडा!

“मी पाठीवर घेतो,” अतुल म्हणाला.

“या वाटेवर? दोघंही कोसळू खाली.”

“माझ्यामुळे झालं,” नैना रडू लागली.

“रडून पाय झाकत नाही, बाळा. डोकं चालव.”

नैनाने दाराकडे पाहिलं. मग हातातल्या पिशवीकडे. क्षणभरच.

“बाबा, चाकू द्या!”

पिशवी फाडून तिने मावशींच्या पायाला चार पदर गुंडाळले, वर पिशवीचीच दोरी आवळली. उतरण सुरू झाली. एक पाऊल. थांबा. दुसरं पाऊल. खडक भाजू लागला. एक पदर फाटला, मग दुसरा. तिसरा फाटता फाटता नदी दिसली!

काठावरच्या वनरक्षक, म्हणजे रेंजर बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“तिथे कुणी राजा नाही,” त्या म्हणाल्या. “इथल्या जुन्या लोकांचं धान्याचं कोठार असणार. लिंपायला मुलंही हात लावत. त्यांचे वंशज आजही आहेत. त्यांना कळवू आम्ही. तुम्ही उघडलं नाहीत, फार बरं केलंत.”

मावशींनी फोड आलेला पाय पाण्यात सोडला. “तुझं सोनं राहिलं की गं!”

नैना हात धुवायला वाकली. बोटांना अजून त्या ठशांतली तांबडी माती होती. तिने हात तसाच मागे घेतला.