रंगाऱ्याने सगळ्यांसमोर सांगितलं

आमच्या पडद्यांच्या कापडाच्या दुकानात तो पहिल्यांदाच आला आणि पाचव्या मिनिटाला माझ्या पायाशी आडवा झाला!

नाटकाचे सेट रंगवणारा रंगारी. बाहीवर निळे शिंतोडे.

"समुद्रासारखं कापड हवंय," तो म्हणाला.

"समुद्र मीटरवर मिळत नाही," मी म्हटलं.

तो हसला… आणि हसता हसता त्याची नजर एकाएकी हरवली. अंग ताठ झालं, तो कोसळला आणि हातपाय झटके देऊ लागले.

मावशी आतून चमचा घेऊन धावली. "त्याची दातखीळ उघड आधी, जीभ गिळेल तो!"

"मावशी, जीभ कुणी गिळत नाही. तोंडात काहीही घालायचं नाही!"

एक गिऱ्हाईक त्याचे हात दाबून धरत होतं, त्यालाही दूर केलं. खुर्ची बाजूला सारली, डोक्याखाली मखमलीची घडी सरकवली आणि घड्याळाकडे पाहिलं. शाळेत माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला फिट यायची. तिच्या डॉक्टरांनी अख्ख्या वर्गाला शिकवलं होतं. पाच मिनिटांत थांबली नाही, तर लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची.

दोन मिनिटांत झटके थांबले. त्याला कुशीवर वळवलं आणि शेजारी बसून राहिले. बराच वेळ तो गोंधळलेला होता.

"तुम्ही… पळाला नाहीत?" शेवटी त्याने विचारलं.

"दुकान माझं आहे. पळू कुठे?"

मग तो येतच राहिला. कधी दोरा हवा, कधी बटणं.

"बटणं आम्ही ठेवत नाही."

"माहितीये," तो म्हणायचा आणि अर्धा तास थांबायचा. मावशी उगाचच आत भांडी आवरायला जायची.

एका संध्याकाळी नाट्यगृहाच्या मागच्या पायऱ्यांवर त्याने सगळं सांगितलं. मेंदूतल्या विजेचा ताळ क्षणभर सुटतो, तेव्हा फिट येते. रोज गोळ्या घ्यायच्या. एखादी चुकली, झोप झाली नाही, की धोका वाढतो. पण नाटक कंपनीत कुणालाच ठाऊक नव्हतं… आणि तो रोज बारा फुटी शिडीवर चढत होता.

"कळलं तर काढून टाकतील गं."

"आणि शिडीवरून पडलास तर?"

"तुला का एवढी काळजी?" त्याने मिश्कीलपणे पाहिलं.

माझे कान तापले. "गिऱ्हाईक आहेस म्हणून! आणि ऐक — हे लपवत राहणार असशील, तर बटणं मागायला येऊ नकोस."

तो आला नाही. आठ दिवस! मी तीनदा चुकीचं माप कापलं.

नवव्या दिवशी तो दारात उभा. "उद्या चार वाजता तालमीला ये. येशील ना?"

रंगमंचासमोर वीसेक माणसं बसली होती. तो मधोमध उभा राहिला. आवाज स्वच्छ.

"मला अपस्मार आहे. फिट आली तर मला धरू नका. तोंडात काही घालू नका. वेळ मोजा, झटके थांबले की कुशीवर वळवा, माझ्याजवळ थांबा. बस्स."

"लागण तर होत नाही ना?" कुणीतरी चाचरत विचारलं.

"नाही. लागण होते ती फक्त ओल्या रंगाची… त्या खांबाला टेकू नका."

सगळे हसले. दिग्दर्शिका मात्र हसल्या नाहीत.

"इतके दिवस शिडीवर कोण चढत होतं?"

"मीच. चुकलं माझं."

"आजपासून शिडी बंद." त्याचा चेहरा उतरला. त्या पुढे म्हणाल्या, "वर दुसरे चढतील. कुठे कोणता रंग, हे खालून तू सांगायचं. तुझ्यासारखं आकाश इथे कुणाला जमतं?"

टाळ्या वाजल्या. माझा ऊर भरून आला. इतकी वर्षं जे झाकलं, ते ताठ मानेने वीस जणांपुढे ठेवायला केवढी छाती लागते!

शेजारी बसलेल्या, कपडेपट सांभाळणाऱ्या बाई माझ्याकडे वळल्या. "का हो, हा तुमचा कोण?"

"माझा," मी म्हणाले. जरा मोठ्यानेच.

रंगमंचावर तो लाल झाला होता. पुन्हा वीस जणांसमोर!