समभाव-पट्ट्याची पहिली उडी

"शेवटचं विचारते, फडतरे सर," डॉ. शर्मिष्ठा वैशंपायन म्हणाल्या, "उडी मारताना तुम्हाला भीती वाटते?"

"भीती? ओ मॅडम, हजारो उड्या झाल्या. आता कसली भीती!"

फडतरे धडधडीत खोटं बोलले. पण करणार काय? फौजेत छत्रीधारी म्हणून आयुष्य काढलेला, मिशीला पीळ देणारा जोडउडीचा प्रशिक्षक एका शास्त्रज्ञ बाईंसमोर 'वाटते हो' म्हणेल? मेला तरी नाही. आणि त्यापायी मरायचीच वेळ आली.

धावपट्टीलगतच्या शेडमध्ये टेबलावर समभाव-पट्टा ठेवला होता. जोडउडीत प्रवासी प्रशिक्षकाच्या पोटाला बांधलेला असतो. त्याने भेदरून हातपाय झाडले की दोघंही हवेत गरगरतात आणि छत्री अंगाभोवती गुंडाळली जाते. त्यावर शर्मिष्ठाबाईंनी हा उतारा काढला होता.

"दोन टाक्यांना मधे नळी जोडली की पाणी समपातळीला येतं ना? तसंच. पट्टा दोघांच्या मज्जासंस्था जोडतो. भीती दोघांत सारखी वाटली जाते. घाबरलेल्याची निम्मी तुमच्याकडे येणार, आणि तुम्ही ती सहज पचवणार."

"मग आज घाबरणार कोण?"

"कोणीच नाही. पहिल्याच चाचणीत जोखीम नको, म्हणून आईला आणलंय."

कुमुदताई बाकावर बसून चहा पीत होत्या. लहानपणीच्या तापात त्यांच्या मेंदूतला भीती निर्माण करणारा बदामाएवढा भाग निकामी झाला होता. पायाशी साप आला तरी त्या कौतुकाने बघत राहायच्या.

"तुम्ही दोघंही निर्धास्त, म्हणजे दोन्ही टाक्या रिकाम्या," शर्मिष्ठाबाई म्हणाल्या. "काही वाहणारच नाही. पट्टा वाऱ्यात टिकतो का, एवढंच बघायचं."

हिशेब चोख होता. फक्त फडतरेंची टाकी रिकामी नव्हती. छत्री आपोआप उघडणारं यंत्रसुद्धा काढून ठेवलं होतं, कारण पट्ट्याच्या लहरींनी ते जमिनीवरच छत्री उघडत होतं. "मी आहे ना," असं फडतरे त्यावर बोलून बसले होते.

विमानात त्यांनी कुमुदताईंना पुन्हा समजावलं. "काकू, कंबर पुढे, मान मागे, पाय दुमडून माझ्या पायांमधे. मनगटावरचा उंचीचा काटा सतराशे मीटरवर आला की मी ही मूठ ओढणार. तुमच्या उजव्या हाताशी पण एक मूठ आहे, तिला हात लावायचा नाही हं."

"नाही लावणार," कुमुदताई हसून म्हणाल्या.

दार उघडलं. पट्ट्यावर हिरवा दिवा लागला आणि दोघं बाहेर पडली.

मुक्तपतन सुरू होताच फडतरेंनी सवयीने वेग आवरणारी लहान छत्री सोडली. काकूंची कमान नमुनेदार होती. एरवी इथेच फडतरेंच्या पोटात गोळा यायचा. बायकोलाही कधी सांगितला नव्हता तो. त्या गोळ्यामुळेच नजर पुन्हापुन्हा काट्याकडे जायची आणि हात मुठीकडे. आज गोळा आला, पण जेमतेम. खाली नदी काय सुरेख दिसत होती!

सतराशे. झाले वाटतं सतराशे, फडतरेंच्या मनात आलं. उघडू की, घाई काय आहे?

चौदाशे. मूठ ओढली नाही तर दोघांच्या हाडांचा चुरा होईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण कळत होतं, वळत नव्हतं. हजार. शेतातली झाडं वेगवेगळी दिसायला लागली. आठशे.

"अहो फडतरे!" कानातल्या फोनमधे काकूंची किंकाळी फुटली. "छत्री! मरू ना आपण! आई गं!"

आणि कुमुदताईंनी नको सांगितलेली ती मूठ जीव खाऊन ओढली. जबरदस्त हिसका बसला. मोठी छत्री फुलली तेव्हा जमीन अगदी अंगावर आली होती.

दोघं गवतात उतरली. शर्मिष्ठाबाई हातातल्या पडद्यावरचे आकडे बघत धावत आल्या.

"तुम्हाला भीती वाटते! खोटं बोललात माझ्याशी!"

"वाटते मॅडम. दर उडीला." फडतरेंचा आवाज अजून थंडच होता. "बेताचीच असते, पण त्यावरच आजवर जगलोय."

"आणि त्यातली निम्मी आईकडे गेली! उरलेल्या निम्मीत तुमचं भागेना. आणि जिला कळत्या वयापासून कधी वाटली नव्हती, तिला ती निम्मीसुद्धा..."

तेवढ्यात पट्ट्यात अडकलेल्या कुमुदताईंनी लेकीला खेचून छातीशी घट्ट धरलं.

"शमू, तू विहिरीच्या कठड्यावर पाय सोडून बसायचीस. आणि मी समोर निवांत भांडी घासत होते गं! पडली असतीस तर? काय केलं असतं मी?"

आपण पडलो तर आईचं काही जाईल, असं शर्मिष्ठाबाईंना उभ्या आयुष्यात वाटलं नव्हतं. त्या हुंदके देऊन रडायला लागल्या. पट्टा आणखी थोडा वेळ तसाच राहावा, असं त्यांना फार वाटलं. पण आईची नाडी बेफाम धावत होती, ओठ निळे पडत चालले होते. त्यांनी चाचपडत पट्ट्याचा खटका दाबला.

फडतरे मटकन खाली बसले आणि लटलट कापायला लागले. कुमुदताईंचे हात लेकीच्या पाठीवरून सैल झाले. आपल्याच गालावरचं पाणी त्यांनी नवलाने पुसलं.

"काय गं," त्या म्हणाल्या, "रडतेस कशाला?"